मदीनाबीची पेटी आणि सरांचं मनगट

औंढा नागनाथच्या आमच्या गल्लीत दोन आवाज प्रसिद्ध आहेत. एक पिठाच्या गिरणीचा आणि दुसरा मदीनाबीचा. गिरणी निदान लाईट गेली की बंद पडते.

मदीनाबी बांगडीवाली. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून काचेच्या बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन तिने आसपासची सगळी खेडी पालथी घातली. वेशीत शिरतानाच ती ‘भरा बांगड्याऽऽ’ अशी हाळी द्यायची, की झाडावरचे कावळे उठायचे आणि ओसरीवरच्या बाया बसायच्या. बाईचा हात हातात आला की आधी बोटं चेपायची आणि लगेच चौकशा सुरू करायची. सासू अजून तशीच हाय का? म्हैस दूध देऊन राहिली का? जावयानं दारू सोडली का न्हाई? बाई उत्तर देण्यात गुंतली की बांगडी अंगठ्याच्या हाडावरून कधी सरकली तिचं तिला कळत नसे. एका गावात तर एका बाईने भांडता भांडता डझनभर भरून घेतल्या. भांडण मदीनाबीशीच होतं.

या धंद्याचे काही कायदे आहेत आणि ते मदीनाबीला कलम्यासारखे पाठ. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठवायचं नाही. भरताना बांगडी फुटली तर नुकसान भरणाऱ्या बांगडीवालीचं, घालून घेणारीचं नाही. आणि बांगडी ‘फुटली’ असं तोंडातून काढायचं नाही. बांगडी ‘वाढते’. सवाष्णीच्या हातात फुटणं अशुभ, म्हणून आपल्याकडे जे मोडतं ते सगळं वाढतं. याच न्यायाने मदीनाबीचे गुडघे पन्नाशीत वाढले.

गुडघे गेले आणि खेडी सुटली. मग मदीनाबीने जाहीर केलं की ती स्कूटी घेणार. लाल. पेटी पुढ्यात ठेवायची आणि पुन्हा गावोगाव जायचं.

नवरा नासेर गाद्या भरतो. दिवसभर कापसात काम केल्याने त्याचं बोलणंही मऊ झालं आहे. तो एवढंच म्हणाला, “तेरेकू सायकल तो आती नै.”

“सायकल कू पैडल मारना पडता,” मदीनाबी म्हणाली. “स्कूटी कू कां पडता? घुटनेके वास्तेच तो लेरई मैं.”

नासेर पुन्हा गादी भरायला लागला. पण स्कूटीला हप्ते लागतात आणि हप्त्याला पगार लागतो. अशात नासेरने गादी गुंडाळायला आणलेल्या रद्दीत एक जाहिरात वाचली. हिंगोलीत फोनवरून माल विकण्याच्या कामासाठी महिला पाहिजेत, बोलण्याची आवड असणाऱ्यांना प्राधान्य. त्याने ती दोनदा वाचली आणि बायकोपुढे धरली. “ये तेरे वास्तेच छापे.”

ऑफिस हिंगोलीत, एका खताच्या दुकानाच्या माडीवर. वर पत्रा, खाली युरियाचा वास, मधे बाया. मॅनेजर प्रज्ञेश सर लातूरकडचा, एम.बी.ए. झालेला, नुकतंच लग्न झालेला पोरगा. गळ्यात टाय. त्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये टाय घालणाऱ्याला शौर्यपदक द्यायला हरकत नाही. त्याने मुलाखतीत विचारलं, “तुमची स्ट्रेंथ काय आहे?”

मदीनाबीने टेबलावरचा त्याचा हात उचलला, बोटं एकत्र करून चेपली आणि म्हणाली, “अडीचचं माप. पण हाड मऊ हाय, दोन-सहाची बांगडीबी जाईल.”

सरांनी हात मागे घेतला आणि नोकरी दिली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असावा.

विकायचा होता ‘पदसुख’ नावाचा गुडघ्याला बांधायचा पट्टा. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईने लोकांच्या दुखऱ्या गुडघ्यांना फोन करायचे. मशीन आपोआप नंबर लावायचं, एक संपला की दुसरा, मधे थुंकी गिळायला जेवढा वेळ मिळेल तेवढाच. बोलायची वाक्यं भिंतीवर चिकटवलेली. पहिलं वाक्य सगळ्यांना सारखं होतं, ‘नमस्कार, मी मुंबईहून प्रिया बोलतेय.’ बुरख्यातली प्रिया, नऊवारीतली प्रिया, नातवंडं असलेली प्रिया. एखाद्या गिऱ्हाईकाने उलट फोन करून ‘मघाचची प्रिया द्या’ म्हटलं की अख्खी माडी एकमेकींकडे बघायची.

आणि कायदे इथेही होतेच. लघवीला उठायचं तर बटण दाबून उठायचं. यायला जरा उशीर झाला की मशीनवर लाल खूण. म्हणून उन्हाळ्यात तिथल्या बाया पाणीच प्यायच्या नाहीत, आणि संध्याकाळी जीपमध्ये बसल्या की डोकी धरायच्या. कानाला लावायचे फोन सगळ्यांत मिळून वापरायचे. मदीनाबीच्या वाट्याला आला त्याचा डावा कान बहिरा होता. पट्टे खपले तर वर चार पैसे, नाही खपले तर पगार मुळातच असा बारीक की खाली पडला तर शोधावा लागेल. त्यातही सगळ्यांत बेरकी कायदा म्हणजे बोलणं पूर्ण व्हायच्या आत कॉल तुटला तर पगारातून कपात. कुणी तोडला, कशाने तुटला हे मशीन विचारत नसे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सरांनी विचारलं, “काय मावशी, कसं काय?”

“सर, आज लई कॉल वाढले.”

“व्हेरी गुड!” सर म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या ओसरल्यावर खुलासा झाला.

कपातीवर बाकीच्या बाया चडफडायच्या. मदीनाबी मात्र शांत. भरताना वाढली ती भरणारीची, हा तिचा जन्माचा कायदा. ती पगाराचा हिशेब रुपयांत करतच नव्हती, स्कूटीत करायची. महिनाअखेरीला गल्लीत कुणी विचारलं की सांगायची, “या महिन्यात पुढचं चाक आन हँडल आलं. आरसे कपातीत गेले.” पुढच्या महिन्यात सीट गेली. नासेर म्हणाला, चालवताना उभीच राहशील की काय.

प्रज्ञेश सरांना तर ती देवासारखी भेटली. दर मीटिंगमध्ये ते म्हणायचे, “मदीनामावशींकडून शिका. कपात झाली, एक शब्द नाही. याला म्हणतात ओनरशिप.” मग शेजारच्या खुर्चीवरची संगिता पेटायची. संगिता सेनगावकडच्या गोरेगावची, तिला दोन लेकरं आणि चार माणसांचा राग.

“मावशी, तुमच्या या गरीबपणापायी आमच्यापन माना कापून राहिले,” ती म्हणाली. “काहून गप बसता तुमी?”

“वाढली ती आपली असती, संगिता. धंद्याचा रिवाजच हाय.”

“हा धंदा न्हाई मावशी, नोकरी हाय.”

“बोलूनच विकायचं हाय नं? मग धंदाच की.”

हे असंच चाललं असतं, आणि स्कूटी एक-एक नट करत मदीनाबीच्या सातवीत असलेल्या नातीच्या लग्नात आली असती. पण एका दुपारी मशीनने हट्टा गावचा नंबर लावला.

“नमस्कार, मी मुंबईहून प्रिया बोलतेय. आपल्याला गुडघेदुखीचा—”

“मुंबईहून?” पलीकडे म्हातारा आवाज. “तिकडं पानी हाय का, बाई?”

मदीनाबीने सवयीने खिडकीतून पाहिलं. “पानी न्हाई काका, नुसतं आभाळ. नरसी गावाच्या अंगाला काळं होऊन राहिलं.”

“मुंबईला नरसी कवापासून आली?”

“तुमी बोलून कोन राहिले?” मदीनाबीने बाजू बदलली.

“म्या उत्तमराव. हट्ट्याचा.”

“हट्ट्याचे? तिथं मारुतीच्या मागं शालूबाई ऱ्हाती—”

“ती माझीच बायको.”

“अय माय! शालूबाई! सव्वादोनचं माप, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग!”

उत्तमराव हळू आवाजात म्हणाले, “प्रियाबाई, तुमी मुंबईत बसून काय काय बघता?”

तेवढ्यात शालूबाईंनी फोन हिसकावला. आवाज ओळखला. “मदीना, मेले, कुठं मेलीस तू! मी दोन वर्स झाले दुकानातून भरून ऱ्हायले, हाताची सालटी गेली माझी.” पुढे जे बोलणं झालं त्यात दोघींचे गुडघे आले, चार सुना आल्या आणि शेवटी पट्टेही आले. दोघांचे मिळून चार, शिवाय शेजारणीला दोन. मदीनाबीने आयुष्यात एवढी मोठी ऑर्डर घेतली नव्हती. “पत्ता सांगा,” ती म्हणाली, आणि शालूबाईंनी ‘मारुतीच्या मागं’ म्हणायला तोंड उघडलं त्याच क्षणी लाईट गेली.

पंखे थांबले. मशीन काळं झालं. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाल्याचं बायांनी सरांना हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं. माडीवरचे सगळे कॉल एका झटक्यात वाढले. लाईट आल्यावर मशीनने डोळे उघडले आणि सगळ्यांच्या नावापुढे इमानदारीत कपात मांडली. शालूबाईंचा नंबर मात्र मशीनच्या पोटात गेला तो गेलाच. एकदा लावलेला नंबर ते पुन्हा दाखवत नसे.

मदीनाबीने कानावरचा फोन काढला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. बटण न दाबता.

“सर,” केबिनच्या दारात ती म्हणाली, “ही पेटीत वाढलेली हाय.”

“काय?”

“बांगडी माझ्या हातात वाढली तर माझी. रिवाज हाय, मी भरती. पन व्यापाऱ्याकडून पेटी आली, उघडली, अन आतच वाढलेली निघाली, तर ती व्यापाऱ्याची. तो मुकाट बदलून देतो. तुमची लाईट, तुमची बॅटरी, तुमची पेटी. मग माझी सीट काहून कापता?”

“कसली सीट?”

“ते जाऊ द्या.”

प्रज्ञेश सरांचा चेहरा पडला. आपला आदर्श कर्मचारी असा उलटलेला बघणं कुणाही मॅनेजरला जड जातं. “मावशी, माझ्या हातात काही नाही. पॉलिसी वरून येते.”

“वरून म्हंजी?”

सरांनी बोट वर केलं. मदीनाबीने बोटाच्या दिशेने पाहिलं. “तिथं पत्रा हाय.”

“हे बघा,” सर ताठ झाले, “नियम पटत नसतील तर सोमवारपासून आला नाहीत तरी चालेल. शनिवारपर्यंत विचार करून सांगा.”

झालं. स्कूटीची सीट राहिली बाजूला, अख्खी स्कूटीच निघाली.

बाहेर संगिताचा तर भडकाच उडाला. “मावशी, तुमची पेटी आना! सरांना सगळ्यांसमोर बांगड्यांचा आहेर करू. परवा मोबाईलवर बघितलं न्हाई का, कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर बायांनी हिरव्या बांगड्या ठेवल्या, तो साहेब कसा घामाघूम झाला!”

केबिनची भिंत प्लायवूडची. प्रज्ञेश सरांनी हा शब्दन् शब्द ऐकला, आणि तोही व्हिडिओ त्यांनी पाहिलेला होता. दुर्दैवाने त्याच वेळी त्यांचा फोन वाजला, म्हणून मदीनाबीचं उत्तर ऐकायचं राहून गेलं. ते उत्तर असं होतं, “चूप! माझी बांगडी काय शिवी हाय का? ज्या बाईच्या हातात ती असती ती भाकरी थापती, नांगरामागं चालती, लेकरू जन्माला घालती. पुन्हा असं बोललीस तर तुझ्या हातातल्यापन काढून घेईन.”

आता यातला दुसरा धागा. सरांची बायको प्रतिक्षा अधूनमधून डबा द्यायला माडीवर यायची. त्याच आठवड्यात एकदा सर मीटिंगमध्ये होते म्हणून ती मदीनाबीजवळ टेकली. मदीनाबीने सवयीने हात हातात घेतला, चेपला आणि कानाशी लागली, “हात भरलाय पोरी. कितवा महिना?”

प्रतिक्षा लाजून लाल झाली. “चौथा. घरच्यांशिवाय अजून कुणाला सांगितलं नाही, मावशी. यांनी तर ऑफिसमध्ये बजावलंय, घरचं इथे काढायचं नाही म्हणून.”

लातूरहून तिची आई येणार होती चोरचोळी घेऊन. आपल्याकडे दिवस राहिले की बोभाटा होण्याआधी माहेरची माणसं गुपचूप येऊन हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या आणि ओटी देतात, तीच ही चोरचोळी. नाव चोर, म्हणून कुणाला बोलायचं नसतं; नवऱ्यालाही बायका शेवटी सांगतात. “आई म्हणते, बांगड्या हातानंच भरायच्या, दुकानातल्या नकोत,” प्रतिक्षा म्हणाली. “शनिवारी संध्याकाळी याल? पण कुणापाशी बोलायचं नाही हं.”

“माझी जबान गेली समज,” मदीनाबी म्हणाली. औंढ्यात हे वाक्य कुणी ऐकलं असतं तर दवाखाना गाठला असता.

म्हणून शनिवारी मदीनाबी औंढ्याच्या जीपमधून उतरली ती पेटी घेऊनच. पुन्हा घरी जाऊन यायला वेळ कुठला? माडीवर आली, पेटी खुर्चीखाली सारली. पण बायांच्या माडीवर बांगड्यांची पेटी लपणं म्हणजे मांजरांच्या घरात मासळी लपणं. जेवणाच्या सुट्टीत झाकण उघडलं गेलं. वरच्या कप्प्यात हिरव्या काचेचा चुडा झळाळला आणि अख्खी माडी भोवती गोळा झाली.

नेमके त्याच वेळी प्रज्ञेश सर केबिनबाहेर आले.

त्यांना जे दिसलं ते असं. मधे उघडी पेटी. पेटीत हिरव्या बांगड्या. भोवती सगळ्या प्रिया. आणि त्यांना बघताच सगळ्या प्रिया एकदम गप्प. गप्प यासाठी की सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती. पण घाबरलेला माणूस घड्याळ बघत नाही.

“हे... हे कोणासाठी?” सरांनी विचारलं.

मदीनाबी पेचात पडली. खरं सांगावं तर चोरचोळी फुटते, तीही माडीभर लोकांत. “ते इथं बोलता येत न्हाई, सर,” ती म्हणाली. “वचन हाय.”

“पण कधी...?”

“आज संध्याकाळीच. माप मला ठावं हाय.”

सरांनी आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. “तुम्ही एकट्याच?”

“चार-दोन बाया असतील की. अन मोबाईलवर व्हिडिओबी काढनार म्हने.”

सरांनी टायची गाठ सैल केली. “मावशी, तुम्ही जरा आत या.”

आत त्यांनी मदीनाबीला स्वतःची गोल फिरणारी खुर्ची दिली आणि आपण उभे राहिले. “मावशी, प्रकरण वाढवू नका. मी पण नोकरच आहे. बघा, लाईट गेल्यामुळे तुटलेले कॉल मला कपातीतून काढता येतात.”

“कुनाला विचारावं लागतं?”

“नाही. इथूनच, एक बटण आहे.”

म्हणजे इतके दिवस जे ‘वर’ होतं ते खालीच बसलेलं होतं, टाय घालून. सर बांगड्या स्वतःसाठी समजून घाबरलेत, हे मदीनाबीला आता लख्ख कळलं. ती एरवी कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. पण गिऱ्हाईक स्वतः हात पुढे करतं तेव्हा बांगडीवालीने बोलायचं नसतं. ती खुर्ची थोडी गोल फिरवून बघत राहिली.

तिचं गप्प बसणं सरांना सोसवेना. “नेटवर्कने तुटलेलेही काढतो,” ते म्हणाले.

मदीनाबीने फक्त पेटीच्या दिशेने पाहिलं.

“बाथरूमचं बटण बंद करतो! बॅटरी नवीन आणतो! सोमवारी तुम्ही यायचंच आहे!”

“हे बाहेर सगळ्यायला सांगा,” मदीनाबी म्हणाली. “मी सांगितलं तर त्यायला खरं वाटनार न्हाई.”

सरांनी बाहेर येऊन सगळं सांगितलं आणि लगोलग बटण दाबून दाखवलं. संगिता आधी हसली, मग रडली, मग उठून दोन तांबे पाणी प्यायली.

संध्याकाळी सर घरी जाऊन टाय सोडत होते तोच बेल वाजली. दार उघडलं तर समोर मदीनाबी, काखेत पेटी.

“मावशी!” सर दोन पावलं मागे सरले. “अहो, सगळं मान्य केलं ना! घरी कशाला आलात?”

“आलात का मावशी?” आतून प्रतिक्षाचा आवाज आला. मागोमाग हातात हिरवी चोळी घेतलेल्या सासूबाई. मागोमाग मोबाईल घेतलेली मेहुणी. सरांनी पेटीकडे पाहिलं, चोळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि लातूरच्या एम.बी.ए.ला सगळा ताळेबंद एकदम लागला.

चटईवर बसून मदीनाबीने प्रतिक्षाचा हात घेतला. बोटं चेपली. सर शेजारी येऊन उकिडवे बसले आणि घसा साफ करून हलकेच म्हणाले, “मावशी, दुपारचं ते जरा... माझा गैरसमज झाला होता. म्हणजे आपण पुन्हा एकदा बसून बोलू या का, काय ठेवायचं आणि काय—”

“हलू नको पोरी,” मदीनाबी म्हणाली. बांगडी अंगठ्याच्या हाडावर आली होती. एक हळुवार दाब, आणि ती सुळकन मनगटात उतरली. मग तिने सरांकडे पाहिलं. “सर, एकदा हातात गेलेली बांगडी आमी परत घेत न्हाई. काचेची हाय. काढायची तर वाढवावी लागती. अन आजच्या दिवशी, या घरात...”

“अहो, काय वाढवायचं म्हणताय जावईबापू?” सासूबाईंनी डोळे मोठे केले. “चोरचोळीच्या दिवशी?”

“काही नाही, काही नाही,” सर म्हणाले. “असू द्या. छान दिसतायत.”

भरताना एक बांगडी वाढली. सर पाकीट काढू लागले तर मदीनाबीने हात आडवा केला. “ही माझ्या हातात वाढली. ही माझी.” आणि दार ओलांडताना एवढंच म्हणाली, “चोरचोळीचं मी कुठं बोलनार न्हाई, सर. तुमी दुपारी मनगट धरलं होतं, तेबी न्हाई.”

पहिलं वचन तिने पाळलं. प्रतिक्षाचं डोहाळजेवण वाजतगाजत होईपर्यंत तिने चोरचोळीचा ‘च’ काढला नाही. दुसरं वचन तिने फक्त आमच्या गल्लीपुरतं मोडलं. आमची गल्ली बाजारापर्यंत जाते, एवढाच काय तो तोटा.

माडी अजून तापते, पगार अजून बारीकच आहे, आणि गिऱ्हाईकाने फोन आदळला तर कपात होतेच. ती मदीनाबीला मान्य आहे. ती तिच्या हातातली. पण सीट आली, आरसे आले, आणि दिवाळीआधी लाल स्कूटी गल्लीत येऊन उभी राहिली. दर रविवारी मदीनाबी ती चालवते. म्हणजे स्कूटी चालते आणि मदीनाबी वर असते. मागे नासेर, छातीशी पेटी धरून, डोळे मिटून. परवा ती थेट हट्ट्याला जाऊन शालूबाईंचे हात भरून आली, आणि पट्ट्यांचा पत्ताही घेऊन आली.

रस्त्यात कुणी आडवं आलं तर ती हॉर्न वाजवत नाही. हॉर्नचं बटण नेमकं कुठे आहे हे तिला अजून सापडलेलं नाही. ती फक्त तोंड उघडते आणि ‘भरा बांगड्याऽऽ’ अशी हाळी देते. म्हशी, माणसं, जीपगाड्या, सगळी मुकाट बाजूला होतात.